रुसवा, निर्णय आणि सावरणे : जोडीदाराच्या प्रतारणेचे मराठी कलाकृतींतील चित्रण

प्रस्तावना

जोडीदाराने केलेली प्रतारणा हा मराठी साहित्याला नवा विषय नाही. कीर्तनातील आख्यानापासून जात्यावरच्या ओवीपर्यंत आणि नाटकापासून आत्मकथनापर्यंत तो सर्वत्र आढळतो. मात्र या विषयाचा विचार करताना लक्ष जाते ते बहुधा प्रतारणा उघड होण्याच्या किंवा घर मोडण्याच्या प्रसंगाकडे. त्यानंतरचा काळ, म्हणजे मन मोडलेली व्यक्ती पुन्हा उभी कशी राहते हा प्रश्न, तुलनेने दुय्यम राहतो. प्रस्तुत निबंधात 'उंबरठा' (१९८२) हा चित्रपट, 'चारचौघी' (१९९१) हे नाटक आणि दोन स्त्री-आत्मकथने यांच्या आधारे या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

विचाराचा आरंभ मात्र विदर्भाशी जोडलेल्या दोन कथांपासून करणे उचित ठरेल. यवतमाळ जिल्ह्यातील महागावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी एखादी विद्यार्थिनी जेव्हा 'चारचौघी' वाचते, तेव्हा तिच्या मनाची पाटी कोरी नसते. त्या पाटीवर आई-आजीकडून ऐकलेल्या कथा आधीच लिहिलेल्या असतात आणि नव्या कलाकृतीचा अर्थ ती त्या कथांच्या शेजारी ठेवूनच लावते.

निबंधाचे सूत्र थोडक्यात असे मांडता येईल : परंपरेने दुखावलेल्या स्त्रीला विस्मरण आणि रुसवा असे दोन मार्ग दिले. आधुनिक नाटक-चित्रपटांनी निर्णय हा तिसरा मार्ग दिला. तथापि निर्णय झाला की स्त्री सावरली, असा समज त्यांच्या रचनेतून निर्माण होतो. सावरण्याची संथ आणि अपुरी प्रक्रिया पाहायची असेल, तर आत्मकथनांकडे वळावे लागते.

परंपरेतील दोन मार्ग

महागावपासून जवळ, पैनगंगेपलीकडे माहूरगड आहे. तेथील रेणुकेची कथा सर्वपरिचित आहे. पाणी आणायला गेलेल्या रेणुकेचे मन जलक्रीडा करणाऱ्या गंधर्वाला पाहून क्षणभर विचलित झाले, जमदग्नीने ते जाणले आणि पुत्राकडून तिचा शिरच्छेद करविला. येथे प्रतारणा प्रत्यक्षात घडलेलीच नाही. मनातील एका क्षणाला देहान्ताची शिक्षा मिळाली आहे. कथेचा उत्तरार्ध या निबंधाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. महाभारताच्या वनपर्वातील कथेत परशुराम वर मागतो, तो केवळ आईच्या पुनर्जीवनाचा नाही. आपला वध झाल्याची स्मृती तिला राहू नये, अशीही त्याची मागणी आहे. रेणुका पुन्हा जिवंत होते ती विस्मरणाच्या अटीवर. घर पूर्ववत चालण्यासाठी जिच्यावर अन्याय झाला तिनेच विसरावे, ही अपेक्षा या वरदानात दडलेली आहे. आजही समेटाच्या बैठकीत 'झाले गेले विसरून जा' हा सल्ला प्रथम दिला जातो. त्याची मुळे इतकी खोल आहेत.

दुसरी कथा रुक्मिणीची आहे. रुक्मिणी ही विदर्भाची कन्या. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी असलेले कौंडिण्यपूर हे तिचे माहेर मानले जाते आणि तेथून दरवर्षी आषाढीला तिची पालखी पंढरपुरास जाते. लोककथेनुसार कृष्णाच्या मांडीवर राधेला पाहून रुक्मिणी रुसली आणि द्वारका सोडून दिंडीरवनात आली. तिचा शोध घेत कृष्ण आला, पुंडलिकाच्या भेटीसाठी थांबला आणि विटेवर उभा राहिला. पंढरपुरात रुक्मिणीचे देऊळ विठ्ठलाच्या शेजारी असूनही वेगळे आहे, याचे स्पष्टीकरण भाविक या रुसव्यातूनच देतात.

रेणुकेला विसरायला लावले गेले, रुक्मिणी विसरली नाही. ती स्वतःच्या पायांनी बाहेर पडली. या अर्थाने ती मराठी परंपरेतील पहिली निग्रही पत्नी ठरते. परंतु रुसवा या भावनेची एक अंगभूत मर्यादा आहे. रुसणाऱ्याला कोणीतरी समजूत काढायला येईल, अशी आशा असते. ज्याने दुखावले त्याच्याच हाती सांत्वन सोपविलेले असते. तो न आल्यास रुसव्याला अर्थ उरत नाही आणि तो आल्यास रुसवा संपवणे भाग पडते. पंढरपूरच्या वेगळ्या देवळाने या पेचातून एक सुंदर वाट काढली आहे : तो आला, तरीही तिने आपले अंतर राखले. देवतेला शक्य झालेले हे अंतर सामान्य स्त्रीला मात्र परवडणारे नव्हते.

सामान्य स्त्रीचे दुःख ओवीत उतरले. तेथे प्रतारणेला 'सवत' हे नाव आहे. ओवीतील सवत ही बहुधा थेट शत्रू म्हणून येते आणि पती प्रायः दोषातून सुटतो. ज्याच्या घरात राहायचे आहे त्याच्यावर राग धरण्याची सोय नसल्याने राग दुसऱ्या स्त्रीकडे वळविला जातो. तरीही ओवीने एक मोठे काम केले. दुःख सांगण्याची जागा तिने निर्माण केली. पहाटे जात्यापाशी बसलेल्या दोघी जणींना नाव न घेता एकमेकींचे मन कळत असे. सावरण्याची ही पहिली पायरी म्हणता येईल.

भाषेची साक्षही येथे नोंदविण्यासारखी आहे. मराठीत 'नांदणे' आणि 'नांदवणे' अशी क्रियापदे आहेत. स्त्री नांदते आणि पुरुष तिला नांदवतो. संबंध तुटला की ती 'टाकलेली' किंवा 'सोडलेली' होते. या दोन्ही रूपांत करणारा पुरुष आहे. स्वतःच्या निर्णयाने बाहेर पडलेल्या स्त्रीसाठी प्रतिष्ठेचा, रोजच्या बोलण्यातला शब्द मात्र सहजी सापडत नाही. १९८० च्या दशकात संगमनेर येथून उभ्या राहिलेल्या परित्यक्तांच्या चळवळीने हाच प्रश्न सार्वजनिक केला. निशा शिवूरकर यांच्या ग्रंथाचे 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हे नाव त्या व्याकरणालाच आव्हान देते. ज्यांना टाकले असे म्हटले जाते, त्या या नावात लढणाऱ्या झाल्या आहेत.

'उंबरठा' : घर आणि बेघरपण

जब्बार पटेल दिग्दर्शित 'उंबरठा' हा चित्रपट शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर आधारित असून त्याची पटकथा विजय तेंडुलकर यांची आहे. समाजकार्याचे शिक्षण घेतलेली सुलभा महाजन (स्मिता पाटील) वकील पती, लहान मुलगी आणि भरलेले घर सोडून महिलाश्रमाच्या अधीक्षकपदाची नोकरी स्वीकारते. आश्रमातील भ्रष्टाचार, तेथील स्त्रियांची होरपळ आणि व्यवस्थापनाचा दबाव यांना तोंड देऊन ती थकते व घरी परतते. तेव्हा आपल्या अनुपस्थितीत दुसऱ्या स्त्रीशी संबंध जडल्याचे पती सुभाष (गिरीश कर्नाड) तिला सांगतो. सुलभा पुन्हा घराबाहेर पडते.

या चित्रपटातील पती खलनायक नाही. तो सुसंस्कृत आहे, स्वतःहून कबुली देतो. समीक्षकाने थांबून पाहावे असा मुद्दा हाच आहे. कबुलीमुळे सुभाषचे ओझे हलके होते आणि ते सुलभाच्या खांद्यावर येते. सत्य सांगितल्याचे समाधान त्याला मिळते. त्या सत्यासह जगायचे कसे, हा प्रश्न मात्र तिचा होतो. प्रामाणिकपणा हा प्रतारणेवरचा उतारा आहे, हा मध्यमवर्गीय समज येथे तपासून पाहिला गेला आहे.

कथेची रचनाही अर्थपूर्ण आहे. आश्रमात सुलभा ज्या स्त्रियांची जबाबदारी सांभाळत होती, त्यांच्यापैकी अनेकींना कोणी फसविले तरी होते किंवा घराबाहेर काढले तरी होते. त्यांची प्रकरणे ती कागदपत्रांतून वाचत होती. घरी परतल्यावर ती स्वतःच तशा एका प्रकरणाची नायिका होते. कादंबरीचे 'बेघर' हे शीर्षक आश्रमातील स्त्रियांना जितके लागू पडते तितकेच सुलभालाही लागू पडते. चित्रपटाने ते बदलून 'उंबरठा' केले, तेव्हा भर स्थितीवरून कृतीवर सरकला. बेघर होणे ही अवस्था आहे, उंबरठा ओलांडणे ही कृती आहे. या बदलामुळे नायिकेला तेज मिळाले, परंतु काही गमावलेही गेले. शेवटी प्रेक्षकाला आगगाडीत बसलेली सुलभा दिसते. गाडी ज्या स्थानकावर थांबेल तेथे ती काय करील, मुलीची आठवण आल्यावर ती रात्र कशी काढील, हे चित्रपटाच्या कक्षेबाहेर राहते.

'चारचौघी' : एका बाजूचा आवाज

प्रशांत दळवी यांचे 'चारचौघी' हे नाटक चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली १९९१ मध्ये रंगमंचावर आले आणि २०२२ मध्ये नव्या संचात पुन्हा सादर झाले. आई आणि तिच्या तीन मुली यांचे हे नाटक आहे. थोरली मुलगी विद्या प्राध्यापिका आहे. पतीच्या विवाहबाह्य संबंधाची माहिती झाल्यावर ती आईकडे येते. तेथून ती पतीशी दूरध्वनीवर जे दीर्घ संभाषण करते, तो प्रसंग मराठी रंगभूमीवर संस्मरणीय ठरला आहे. पहिल्या संचात वंदना गुप्ते यांनी आणि नव्या संचात मुक्ता बर्वे यांनी ही भूमिका केली.

या प्रसंगाचे सामर्थ्य त्याच्या तंत्रात आहे. पतीचा आवाज प्रेक्षकाला ऐकू येत नाही. त्याची उत्तरे, सबबी, आर्जवे यांचा अंदाज विद्येच्या प्रतिसादांवरूनच करावा लागतो. एरवी घरात ज्याचा शब्द अखेरचा, त्याला नाटककाराने निःशब्द केले आहे. संभाषणाच्या ओघात विद्या विचारते, दुखावते, चिडते, कोसळते आणि हळूहळू स्वतःच्या आवाजाशी येऊन पोचते. प्रारंभी तिला स्पष्टीकरण हवे असते. शेवटाकडे तिला त्याची गरज उरत नाही. रुसव्याचे निर्णयात रूपांतर होताना प्रेक्षक प्रत्यक्ष पाहतो. समजूत काढायला कोणी येण्याची वाट पाहणे जेथे संपते, तेथे रुक्मिणीच्या कथेपुढचे पाऊल पडते.

या नाटकाला अधिक खोली देणारी गोष्ट म्हणजे आईचे पात्र. विद्येची आई स्वतः एका विवाहित पुरुषाच्या आयुष्यातील दुसरी स्त्री आहे. तिने तो संबंध लपविलेला नाही. मुलींना तिने स्वतःच्या बळावर वाढविले आहे. म्हणजे विद्या ज्या घरात आश्रयाला येते, ते घरच कोणा अन्य पत्नीच्या दुःखावर उभे आहे. ओवीतील सवत येथे आईच्या रूपात समोर बसलेली आहे आणि तिचा द्वेष करणे मुलीला शक्य नाही. त्यामुळे दोष दुसऱ्या स्त्रीवर टाकण्याची जुनी सोय नाटक काढून घेते. प्रश्न नात्यातील सचोटीचा होतो : कोणी कोणाला काय सांगितले, कोणाच्या संमतीने काय घडले आणि किंमत कोणी मोजली. त्या अनुपस्थित पत्नीला मात्र नाटकात आवाज नाही. ही उणीव आहे की नाटकाने जाणीवपूर्वक ठेवलेली अस्वस्थता आहे, याविषयी मतभेद संभवतात. नाटकाच्या एकूण सचोटीचा विचार करता दुसरा अर्थ अधिक समर्थनीय वाटतो.

तथापि 'उंबरठा'प्रमाणेच येथेही एक गृहीतक आहे. विद्येला पगार आहे, सुलभेला शिक्षण व अनुभव आहे आणि विद्येला परत जाण्यासाठी आईचे मोकळे घर आहे. त्यांच्या निर्णयाचे तेज खरे आहे, पण त्या तेजाखाली अर्थार्जनाचा आणि आश्रयाचा पक्का पाया आहे. रंगमंच व पडदा यांना निर्णयाचा क्षण हवा असतो, कारण तो दृश्य असतो. सावरणे मात्र दृश्य नसते. ते अनेक सामान्य दिवसांत विखुरलेले असते.

आत्मकथने : निर्णयानंतरचे दिवस

हे विखुरलेले दिवस आत्मकथनांत सापडतात. मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) हे आत्मकथन त्याच्या स्पष्टोक्तीमुळे गाजले. कवी आणि दलित पँथरचे संस्थापक नेते नामदेव ढसाळ यांच्याबरोबरच्या वैवाहिक जीवनातील हिंसा, त्यांचे अन्य संबंध आणि त्यातून वाट्याला आलेला आजार यांचे कथन त्यात आहे. क्रांतीची भाषा बोलणारा पुरुष घरात वेगळा असू शकतो, ही विसंगती लेखिकेने निर्भीडपणे मांडली. परंतु हे पुस्तक 'घर सोडले आणि मुक्त झाले' अशा सरळ रेषेत जात नाही. प्रेम, तिरस्कार, दुरावा आणि परतणे यांची गुंतागुंत त्यात कायम राहते. हा विवाह पुढे नामदेव ढसाळ यांच्या २०१४ मधील निधनापर्यंत टिकला. नाटकाच्या मापाने पाहिले तर येथे निर्णयच झाला नाही, असे कोणी म्हणेल. ते माप अपुरे आहे. जे घडले ते स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या नावाने लिहून ठेवणे हाही एक निर्णयच आहे. रेणुकेला मिळालेल्या विस्मरणाच्या वराला येथे ठाम नकार दिलेला आहे.

शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६) हे आत्मकथन अगदी वेगळ्या स्वराचे आहे. त्यातही पतीचे दुसरे लग्न, माहेरी परतणे आणि शिक्षिकेची नोकरी या घटना आहेत. परंतु लेखिका त्यांचे नाट्य करीत नाही. दारिद्र्य, अस्पृश्यता, शाळा, बदली, मुले यांच्या ओघात पतीचे दुसरे लग्न हे एक दुःख म्हणून येते. तेच एकमेव दुःख ठरत नाही. येथे समीक्षेने विनम्रपणे एक गोष्ट स्वीकारली पाहिजे. मध्यमवर्गीय नायिकेच्या जीवनात प्रतारणा हा केंद्रबिंदू होऊ शकतो, कारण तिचे उर्वरित जीवन तुलनेने स्थिर असते. ज्या स्त्रीला रोजच्या भाकरीची आणि माणूस म्हणून वागणूक मिळण्याची लढाई एकाच वेळी लढावी लागते, तिला मोडून पडण्यासाठीही सवड नसते. शांताबाईंच्या संयत कथनशैलीला भावनेचा अभाव समजणे ही वाचकाची चूक ठरेल. शाळेत जाऊन मुलांना शिकविण्याचे काम आणि हाती येणारा स्वतःचा पगार यांतून त्यांचे सावरणे घडत गेले.

ही दोन आत्मकथने एकत्र वाचली असता सावरण्याची तीन लक्षणे हाती लागतात. पहिले, घडलेले विसरले जात नाही. त्याला शब्द मिळतात. दुसरे, स्वतःची किंमत जोडीदाराच्या वागण्यावरून ठरविणे हळूहळू थांबते. तिसरे, हाताला काम आणि कामाला मोल मिळते. यांपैकी एकही लक्षण एका दिवसात प्राप्त होत नाही.

कायदा आणि महागावचे वास्तव

साहित्यातील या प्रवासाला कायद्याची समांतर रेषा आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९७ नुसार परपुरुषाच्या पत्नीशी संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार ठरत असे आणि तक्रारीचा अधिकार त्या स्त्रीच्या पतीला असे. ज्या पुरुषाने प्रतारणा केली त्याच्या पत्नीला मात्र तक्रारीचा अधिकारच नव्हता. जमदग्नीचा क्रोध कायद्याने मान्य केला होता, रुक्मिणीचे दुःख कायद्याला दिसत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने जोसेफ शाईन प्रकरणात २७ सप्टेंबर २०१८ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरविले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याला स्थान नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण मात्र आजही आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याने भावनिक छळालाही हिंसा मानले आणि सामाईक घरात राहण्याचा स्त्रीचा हक्क मान्य केला. 'उंबरठा' आणि 'चारचौघी' लिहिली गेली तेव्हा हा आधार नव्हता.

महागाव तालुक्यात बंजारा समाजाचे तांडे आहेत, आंध आदिवासींची वस्ती आहे, कापूस वेचणीच्या मजुरीवर जगणारी कुटुंबे आहेत. तांड्यातील वैवाहिक तंटा न्यायालयाआधी नायक-कारभाऱ्यापुढे जाण्याची रीत जुनी आहे. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा केंद्र शासनाच्या अधिसूचनेशिवाय लागू होत नाही. त्यामुळे त्यांचे विवाहविषयक प्रश्न रूढीनुसार सुटतात. ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड आणि पाट यांची प्रथा होती. मोडलेल्या संसारानंतर दुसरा संसार मांडण्याची वाट तेथे पूर्वीपासून होती. पांढरपेशा साहित्याने ज्या निर्णयाला क्रांती मानले, तो अन्यत्र रूढीच्या चौकटीत का होईना शक्य होता. अर्थात पाटाच्या स्त्रीला लग्नाच्या स्त्रीइतका मान नसे, हेही विसरता येत नाही. मराठी समीक्षेने या अनुभवांची दखल घेतल्याशिवाय प्रतारणा आणि सावरणे यांचे तिचे आकलन शहरी व एकांगी राहील.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, प्रतारणेनंतर सावरण्याची कल्पना मराठीत विस्मरणाकडून रुसव्याकडे, रुसव्याकडून निर्णयाकडे आणि निर्णयाकडून कथनाकडे सरकत आली आहे. नाटक-चित्रपटांनी स्त्रीला दार उघडून दिले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. दारापलीकडच्या दिवसांचा हिशेब आत्मकथनांनी ठेवला. ही दोन प्रकारची साक्ष एकत्र वाचणे आवश्यक आहे. केवळ पहिली वाचली तर सावरणे सोपे वाटते, केवळ दुसरी वाचली तर अशक्य.

या वाचनाची जबाबदारी महाविद्यालयीन अध्यापकावर विशेषत्वाने येते. वर्गात 'चारचौघी' शिकविताना विद्येच्या धैर्याचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच वर्गात एखादी विद्यार्थिनी अशी असते, की जिची आई तशाच प्रसंगातून गेलेली आहे, जिला पगार नाही, माहेरी भावजयीचा संसार आहे आणि जी घर सोडू शकलेली नाही. विद्येचे उदाहरण एकमेव आदर्श म्हणून मांडले, तर त्या मुलीच्या मनात आपली आई दुबळी ठरते. शांताबाईंचे आत्मकथन त्या नाटकाशेजारी ठेवले, तर राहूनही न मोडणे, काम करीत उभे राहणे आणि योग्य वेळी बोलणे हीसुद्धा सावरण्याची रूपे आहेत, हे तिला कळू शकेल. राहणाऱ्या स्त्रीने सहन करीत राहावे, असा याचा अर्थ नाही. तिच्या हाती शिक्षण, मजुरीचे योग्य मोल आणि कायद्याची माहिती यावी, म्हणजे राहणे किंवा जाणे हा तिचा स्वतःचा निर्णय होईल.

पंढरपुरात रुक्मिणी वेगळ्या देवळात उभी आहे आणि तिच्या माहेरची पालखी दरवर्षी तिच्यापर्यंत जाते. लोकपरंपरेने तिच्या रुसव्याला जागा दिली आणि माहेरानेही तिला टाकले नाही. दुखावलेल्या स्त्रीला सावरण्यासाठी लागणाऱ्या दोन गोष्टी याच आहेत : स्वतःची जागा आणि तुटू न दिलेले माहेर. ज्यांना माहेर उरलेले नाही, त्यांच्यासाठी ते काम शाळा-महाविद्यालयांनी आणि साहित्याने करावयाचे आहे.